रणगाड्याच्या डोक्यावर पिंजरा कशाला?

युक्रेनमधील युद्धाची छायाचित्रे गेली काही वर्षे सातत्याने आपल्यासमोर येत आहेत आणि त्यांतले एक दृश्य अनेकांना बुचकळ्यात टाकते. चाळीस-पंचेचाळीस टन वजनाचा, जाड पोलादी चिलखत ल्यालेला रणगाडा उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर, खिडकीच्या ग्रिलसारख्या सळया आणि जाळी वेल्ड करून, एक मांडव उभारलेला असतो. कोठे त्या मांडवाला रबराचे पट्टे लोंबतात, कोठे साखळ्या. काही रणगाडे तर पत्र्याच्या शेडखाली इतके झाकून गेलेले असतात की आत रणगाडा आहे हे सांगावे लागते. रशियन भाषेत या मांडवाला ‘मंगाल’, म्हणजे मांस भाजण्याची शेगडी, असे थट्टेचे नाव पडले आहे.

साहजिकच प्रश्न येतो की जे चिलखत तोफगोळ्याला दाद देत नाही, त्याला बोटाएवढ्या जाडीच्या सळयांनी कसला आधार मिळणार? हे भांबावलेल्या जवानांचे काहीतरी वेडेवाकडे जोडकाम आहे, की त्यामागे काही हिशेब आहे? हिशेब आहे. मात्र तो विशिष्ट धोक्यापुरताच खरा असतो आणि धोका बदलला की तोच पिंजरा निरुपयोगी, क्वचित घातकही ठरतो. हे समजून घ्यायचे तर चिलखतापासून सुरुवात केली पाहिजे.

चिलखत सगळीकडे सारखे नसते

कोकणात भातलावणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर इरले घेत असत. ते पुढून उघडेच असते, कारण वाकून लावणी करणाऱ्या माणसाच्या पाठीवर पाऊस पडतो, छातीवर नाही. इरले विणणाऱ्याने पाऊस कोठून येणार हे आधीच गृहीत धरलेले असते. रणगाड्याचे चिलखतही असेच, धोका कोठून येणार याचा अंदाज बांधून वाटलेले असते.

हा अंदाज बहुतेक काळ एकच होता, तो म्हणजे शत्रूची तोफ समोरून मारा करणार. म्हणून सर्वांत जाड पोलाद समोर, त्याहून पातळ बाजूंना, आणि सर्वांत पातळ मागे, तळाला व छताला. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या धडाचे समोरचे चिलखत आरंभी ५१ मिलिमीटर होते, बाजूंचे ३८ मिलिमीटर आणि छताचे जेमतेम दोन सेंटीमीटर. सगळीकडेच जाड पोलाद का लावले नाही, याचे उत्तर वजनात आहे. तीस टनांचा शर्मन सर्व बाजूंनी पुढच्यासारखा जाड केला असता तर त्याचे इंजिन, स्प्रिंगा आणि साखळीपट्टे त्या भाराखाली टिकले नसते आणि वाटेवरचे पूलही नाहीत.

अडचण अशी की रणगाड्याचा आराखडा शांततेच्या काळात होतो आणि त्याची परीक्षा युद्धात होते. पाऊस पाठीवरून न येता अचानक समोरून येऊ लागला, तर शेतातला माणूस नवे इरले विणत बसत नाही. हाताशी असलेले पोते पुढे बांधतो. रणगाड्यातील जवानांच्या बहुतेक साऱ्या हिकमतींचे मूळ एवढेच आहे.

लहानशी वस्तू एवढे पोलाद कशी भेदते?

चिलखत भेदण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग खिळा ठोकण्याचा: कठीण धातूचा गोळा प्रचंड वेगाने मारायचा. त्यासाठी लांब नळीची अवजड तोफ लागते आणि ती वाहून नेण्यासाठी दुसरा रणगाडा. दुसऱ्या मार्गाला वेगाची गरजच नसते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. त्याला ‘पोकळ स्फोटक’ म्हणू.

स्फोटकाच्या गोळ्याला पुढच्या बाजूने नरसाळ्यासारखी पोकळी ठेवली, तर स्फोटाचा जोर सगळीकडे पांगण्याऐवजी त्या पोकळीच्या अक्षावर एकवटतो. अमेरिकन रसायनतज्ज्ञ चार्ल्स मन्रो यांनी १८८८ मध्ये याचे एक रूप पाहिले होते: स्फोटकाच्या वडीवर कोरलेली अक्षरे, ती वडी पोलादी पत्र्यावर ठेवून उडवल्यावर, पत्र्यावर उमटली. पुढे या पोकळीला तांब्याचे पातळ अस्तर लावण्यात आले. स्फोट होताच ते अस्तर आत चेपते आणि त्याची एक बारीक, लांब सळई होऊन पुढे झेपावते. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला ८ ते १० किलोमीटर, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या सुमारे दहापट असतो. ही धार पोलाद वितळवून आत जाते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, परंतु ते खरे नाही. तिचा दाब इतका असतो की पोलाद तिच्यापुढे ओल्या मातीसारखे बाजूला सरते.

या धारेचा एक गुण लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा विषय त्याच्यावर उभा आहे. रंगपंचमीची पिचकारी आठवा. नळीच्या तोंडापासून थोड्या अंतरापर्यंत पाण्याची धार अखंड असते. पुढे तिचे थेंब होतात आणि समोरच्याला नुसता शिडकावा लागतो. तांब्याच्या धारेचेही तसेच आहे. तयार होऊन ताणली जाण्यासाठी तिला थोडे अंतर हवे असते, आणि फार अंतर मिळाले तर ती तुटून विस्कळीत होते. म्हणजे चिलखतापासून अमुक इतक्या अंतरावर झालेला स्फोट सर्वांत घातक. त्याहून जवळचा कमी घातक, आणि बराच दूरचाही कमी घातक.

वेगाची गरज नसल्यामुळे असे स्फोटक खांद्यावरच्या नळीतून डागता येते, हाताने चिकटवता येते, आणि आज दिसते तसे चार पंख्यांच्या ड्रोनला बांधून पाठवता येते. रणगाड्यापुढे एकटा पायदळाचा शिपाई उभा राहू शकला तो यामुळे.

शर्मनवरच्या वाळूच्या पिशव्या

१९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन रणगाड्यांना दोन संकटांनी एकदमच गाठले. जर्मन रणगाड्यांच्या लांब तोफा हे एक, आणि जर्मन शिपायाच्या हातातले पान्झरफाउस्ट, म्हणजे एकदा वापरून टाकून द्यायचे पोकळ स्फोटकाचे शस्त्र, हे दुसरे. त्याचे नंतरचे प्रकार सुमारे २० सेंटीमीटर पोलाद भेदत असत. शर्मनची समोरची पाटी तिरकी असल्यामुळे सरळ येणाऱ्या माऱ्याला ती सुमारे ९ सेंटीमीटर भरत असे. वजाबाकी त्या पाचही जवानांना ठाऊक होती.

मग त्यांनी मिळेल ते रणगाड्यावर चढवले. वाळूच्या पिशव्या, सुटे साखळीपट्टे, लाकडाचे ओंडके, क्वचित सिमेंटचा थर. काही तुकड्यांत पिशव्या घसरू नयेत म्हणून लोखंडी चौकटी वेल्ड केल्या गेल्या, आणि अमेरिकेच्या सातव्या सैन्यात तर ही गोष्ट इतकी रुळली की काही रणगाडे चारही बाजूंनी पोत्यांच्या थप्पीसारखे दिसत.

याचा उपयोग झाला का? तोफेच्या कठीण गोळ्याविरुद्ध काहीही नाही. त्याच्या दृष्टीने वाळूची पिशवी असून नसल्यासारखी. पान्झरफाउस्टविरुद्ध मात्र उत्तर एवढे सोपे नाही. वाळूतून जाताना धारेचा काही भाग खर्ची पडतो, हे खरे. पण पिशवीच्या पृष्ठावर स्फोट झाल्याने धारेला ताणले जायला आयते अंतर मिळते, हेही खरे. वीस वजा नऊ एवढी मोठी तूट भरून काढायला एक पिशवी सहसा पुरत नसे, आणि पिशव्यांची रांग वाढवावी तर वजन काही टनांनी वाढे. तिसऱ्या सैन्याचे सेनापती जॉर्ज पॅटन यांनी आपल्या रणगाड्यांवर वाळूच्या पिशव्या लावण्यास सरळ मनाई केली. जादा वजनाने स्प्रिंगा आणि गिअरपेटी निकामी होतात, आणि बदल्यात मिळते ते फारसे काही नाही, असा त्यांच्या तंत्रज्ञांचा निष्कर्ष होता.

पण गोष्ट तेथे संपली नाही, आणि मला ती पुढेच अधिक बोलकी वाटते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात आर्देनच्या जंगलात जबर हानी झाल्यावर त्याच पॅटन यांनी, रणांगणात निकामी होऊन पडलेल्या रणगाड्यांचे चिलखती पत्रे कापून ते चालू शर्मनच्या दर्शनी भागावर वेल्ड करण्यास मंजुरी दिली. म्हणजे जवानांची तक्रार त्यांना मान्य होती. मान्य नव्हता तो उपाय. पोलादाच्या पाटीवर पोलादाची पाटी चढवली तर ती तोफेच्या गोळ्याविरुद्धही थोडीफार कामी येते, वाळू येत नाही. मेलेल्या रणगाड्याचे कातडे जिवंत रणगाड्यावर, अशी ही कल्पना.

“हा नुसता मनाचा दिलासा नव्हता का?”

काही प्रमाणात होता, आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. आतल्या माणसांना आपण निदान काहीतरी केले आहे असे वाटले, तर ते रणगाडा पुढे नेतात. तसे न वाटल्यास आडोसा शोधतात. पण दिलाशाची बाजू ओढताना एक मर्यादा सांगितली पाहिजे. गिअरपेटी मोडून वाटेत बंद पडलेल्या रणगाड्यात कोणालाच दिलासा मिळत नाही. शिवाय प्रत्येक जोडकाम दिलाशाचेच असते असेही नाही, हे त्याच युद्धात, पण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला दिसून आले.

इवो जिमाचे खिळे आणि फळ्या

फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकन मरीन दलाचे शर्मन प्रशांत महासागरातील इवो जिमा या बेटावर उतरले. येथे जर्मन तोफांसारख्या तोफा समोर नव्हत्या. जपानी शिपाई खंदकातून निघून धावत रणगाड्यापर्यंत येत, चुंबकाने चिकटणारा सुरुंग त्याच्या अंगाला लावत किंवा स्फोटकांची पिशवी जवानांच्या ये-जा करण्याच्या झाकणावर टाकत. धोका ओळखू येण्याजोगा होता, तो कसा चालतो हेही स्पष्ट होते, आणि म्हणून उपायही नेमके झाले.

सुरुंग चुंबकाने चिकटतो ना, मग धडाच्या बाजूंना लाकडी फळ्या लावा. लाकडाला चुंबक चिकटत नाही. काही रणगाड्यांत फळी आणि पोलाद यांच्यामधल्या फटीत काँक्रीट ओतले गेले. झाकणावर पिशवी ठेवली जाते ना, मग झाकणावर टोके वर करून खिळ्यांचे रान वेल्ड करा, किंवा तारेच्या जाळीचा पिंजरा बसवा, म्हणजे स्फोट झाला तरी तो झाकणाला लागून न होता वीतभर वर होईल. पोलादाला टेकून झालेल्या साध्या स्फोटाचा आणि वीतभर दूर झालेल्या स्फोटाचा परिणाम यांत पुष्कळ फरक असतो.

या उपायांनी शर्मनवर त्याच्या वजनाच्या मानाने फारसा भार पडला नाही. आज युक्रेनमध्ये दिसणाऱ्या पिंजऱ्याचा थेट पूर्वज शोधायचा असेल तर तो नॉर्मंडीच्या पोत्यांत नव्हे, या तारेच्या जाळीत सापडतो.

त्याच वर्षी बर्लिनच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाड्यांनीही पान्झरफाउस्टविरुद्ध जाळ्या लावल्या. जर्मन घरांतल्या पलंगांच्या स्प्रिंगा उचलून रणगाड्याला बांधल्या, ही त्याबद्दलची कथा फार लोकप्रिय आहे. छायाचित्रांतल्या पुष्कळशा जाळ्या मात्र सैन्याच्या कार्यशाळेत मापात बनवलेल्या चौकटी आहेत. लांबून पाहणाऱ्याला त्या पलंगासारख्या दिसतात, एवढेच.

जाळी नेमके काय करते?

महायुद्धानंतर सोव्हिएत बनावटीचा आरपीजी-७ हा खांद्यावरून डागायचा अग्निबाण जगभर पसरला, आणि जाळीला एक नवे काम मिळाले. या अग्निबाणाच्या टोकाशी एक स्फटिक असतो. टोक आपटले की दाबाने त्या स्फटिकात वीज निर्माण होते आणि ती मागच्या स्फोटकापर्यंत पोचून त्याला पेटवते. दाराची घंटा अशीच असते: बटण एका टोकाला, घंटा दुसऱ्या टोकाला, मध्ये तार. बटण दाबण्यापूर्वी कोणी मधली तार चेपून शॉर्टसर्किट केली तर घंटा वाजत नाही.

पट्ट्यांची चौकट नेमके हेच करते. तिच्या दोन पट्ट्यांमधले अंतर अग्निबाणाच्या जाडीपेक्षा कमी ठेवतात. मूळ आरपीजी-७ च्या स्फोटक भागाचा व्यास ८५ मिलिमीटर. टोक पट्ट्यांच्या मधून आत शिरते, त्यामुळे बटण दाबले जात नाही. मागचा जाड भाग पट्ट्यांत अडकून चेपतो आणि आतला विजेचा मार्ग तुटतो. स्फोटक जागेवरच निकामी होते किंवा अर्धवट पेटते. अमेरिकेने २००३ मध्ये इराकमध्ये आपल्या स्ट्रायकर या चिलखती गाड्यांभोवती अशाच चौकटी बसवल्या. अग्निबाणाचे टोक नेमके पट्टीवरच आपटले तर अर्थातच बटण दाबले जाते आणि घंटा वाजते. म्हणजे ही युक्ती नशिबावर बरीच अवलंबून आहे. मात्र युद्धात नशिबाचे पारडे थोडेसे झुकवणे यालाही मोल असते. त्याआधी व्हिएतनाममध्ये अमेरिकन जवान रात्रीच्या मुक्कामी आपल्या चिलखती गाड्यांपुढे साधे तारेचे कुंपण उभारत असत, तेही याच हेतूने.

म्हणजे जाळी तीन निरनिराळी कामे करू शकते: फ्यूजची, म्हणजे स्फोटक पेटवणारी, यंत्रणा बिघडवणे, स्फोट दूर ठेवणे, आणि एखादी वस्तू झाकणातून किंवा फटीतून आत पडू न देणे. या तिन्ही कामांसाठी जाळीचे माप, अंतर आणि जागा वेगवेगळी लागते. एकाच पिंजऱ्याकडून तिन्हींची अपेक्षा धरली की निराशा होते, आणि २०२२ मध्ये तसेच झाले.

युक्रेनमध्ये पिंजरा कसा आला?

२०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानच्या ड्रोननी आर्मेनियाच्या बाजूचे रणगाडे वरून टिपले, आणि ते चित्रीकरण साऱ्या जगाच्या सैन्यांनी पाहिले. पाऊस आता छतावर पडू लागला होता. २०२१ च्या अखेरीस रशियन रणगाड्यांवर वर छप्पर घातलेल्या चौकटी दिसू लागल्या, आणि पुढच्या फेब्रुवारीत ते रणगाडे युक्रेनमध्ये शिरले.

तेथे त्यांची गाठ पडली ती अमेरिकन जॅव्हेलिन या क्षेपणास्त्राशी. ते उंच चढून रणगाड्याच्या छतावर उतरते आणि त्यात एकामागे एक अशी दोन पोकळ स्फोटके असतात. पहिले वाट मोकळी करते, दुसरे मुख्य काम करते. अशा शस्त्रापुढे अर्धा-पाऊण मीटर वरचा पिंजरा टिकण्याचा प्रश्नच नव्हता. छताचे पोलाद काही सेंटीमीटरचे आणि धारेची भेदकता त्याच्या कितीतरी पट. ती थोडी विस्कळीत झाली तरी पुरेशी उरते. जळालेल्या रणगाड्यावर तसाच शाबूत उभा असलेला पिंजरा हे त्या महिन्यांतले नेहमीचे चित्र झाले, आणि जगभर त्याची टवाळी झाली.

टवाळी करणाऱ्यांना पुढच्या दोन वर्षांत आपले मत बदलावे लागले, कारण धोकाच बदलला. ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून थेट पाहत, चालकाने चष्म्याच्या पडद्यावरून हाकायचे स्वस्त ड्रोन, ज्यांना एफपीव्ही म्हणतात, हजारोंच्या संख्येने आघाडीवर आले. त्यांना बहुधा आरपीजीचेच स्फोटक बांधलेले असते. दुसऱ्या प्रकारचे ड्रोन वर घिरट्या घालत हातबॉम्ब सोडतात, तोही शक्य तर उघड्या झाकणातून. ही शस्त्रे जॅव्हेलिनएवढी बलवान नाहीत. त्यांचे बळ नेम धरण्यात आहे: इंजिनावरचे पातळ पत्रे, छत, वरचा फिरता भाग म्हणजे टरेट आणि धड यांमधली फट. पिंजऱ्याने नेमके हेच अवघड होते. हातबॉम्ब झाकणात पडत नाही, ड्रोनचे पंखे जाळीत अडकतात, फ्यूज वेळेआधी पेटतो, आणि चालकाला भोक शोधत फिरावे लागते. म्हणून जो पिंजरा २०२२ मध्ये विनोदाचा विषय होता, तो पुढे युक्रेननेही आपल्या रणगाड्यांवर चढवला, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर इस्राएलच्या मर्कावा रणगाड्यांवरही तो दिसला. पिंजरा तोच होता, बदलला होता तो त्याच्यावर पडणारा मारा.

मग सगळ्या बाजूंनीच का झाकत नाहीत?

झाकले गेले आहेत. एप्रिल २०२४ पासून दोनेत्स्क भागात पत्र्याच्या शेडने पूर्ण वेढलेले रशियन रणगाडे दिसू लागले आणि त्यांना ‘कासव’ हे नाव मिळाले. अनेक ड्रोन आदळूनही चालत राहिलेल्या कासवांची चित्रणे आहेत. पण या कासवाचे टरेट शेडमध्ये अडकल्यामुळे फिरत नाही, म्हणजे तोफ फक्त नाकासमोर चालते. आतल्यांना बाजूचे जवळजवळ काही दिसत नाही. त्याचा उपयोग पुढे सुरुंग काढणारे रोलर लावून, मागच्या गाड्यांना वाट करून देण्यापुरता उरतो. रणगाड्याचा रणगाडेपणा देऊन संरक्षण विकत घेतले, असा हा व्यवहार आहे.

साध्या पिंजऱ्यालाही किंमत मोजावी लागते. रणगाडा उंच आणि ठळक होतो. झाडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा त्यात अडकतात. टरेटवर बसवलेली मशीनगन नीट फिरत नाही. सर्वांत गंभीर गोष्ट ही की आग लागल्यावर बाहेर पडण्याच्या झाकणावरच चौकट येते. रशियन टी-७२ मध्ये तिघे जवान बसतात आणि टरेटमधल्या दोघांच्या पायाखाली यांत्रिक चकतीत तोफेचा दारूगोळा गोल रचलेला असतो. त्याने पेट घेतला तर बाहेर पडायला क्षणांचाच अवधी असतो. ते क्षण सळयांच्या खालून वाकून निघण्यात जाणार असतील, तर पिंजरा बांधणाऱ्याने त्याचा विचार वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी केलेला असायला हवा. सगळ्यांनी तो केलेला दिसत नाही.

“हे काम कारखान्याचे नाही का?”

आक्षेप रास्त आहे, आणि काही प्रमाणात कारखान्यांनी ते हाती घेतलेही आहे. रशियाच्या नव्या टी-९० रणगाड्यांवर आता कारखान्यातच बसवलेली छपरे दिसतात. परंतु कारखान्याची चाल वर्षांची असते आणि आघाडीवरचा धोका आठवड्यांत बदलतो. त्यामुळे कल्पना बहुधा खालून वर जाते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुन्हा नॉर्मंडीचे आहे. तेथील शेतांचे बांध शतकानुशतके रचलेल्या माती-दगडांचे आणि मुळांनी घट्ट विणलेल्या झुडपांचे. रणगाडा बांधावर चढला की त्याचा पातळ तळ शत्रूपुढे उघडा पडे आणि तोफ आकाशाकडे रोखली जाई. जुलै १९४४ मध्ये सार्जंट कर्टिस क्युलिन यांनी शर्मनच्या नाकावर पोलादी सुळे बसवले, त्यामुळे रणगाडा वर न चढता बांधात घुसून तो फोडू लागला. ही कल्पना मुळात रॉबर्ट्स नावाच्या एका साथीदाराची, असे क्युलिन स्वतः सांगत. या सुळ्यांसाठी लागणारे पोलाद जर्मनांनीच पुरवले होते: समुद्रकिनाऱ्यावर रणगाडे अडवण्यासाठी त्यांनी रोवलेले लोखंडी अडथळे कापून सुळे घडवले गेले. सेनापती ओमर ब्रॅडली यांनी प्रात्यक्षिक पाहिले, आणि महिना संपण्याआधीच, मोठ्या हल्ल्याच्या वेळी, असे सुळे लावलेले रणगाडे मोठ्या संख्येने तयार होते. येथे जवानाची कल्पना, कार्यशाळेचे वेल्डर आणि वरिष्ठांची तत्परता असे तिन्ही एकत्र आले. पुष्कळदा तिसरे आणखी उशिरा येते.

आपल्याकडचे उदाहरण उलट्या दिशेचे आहे, कारण तेथे रणगाड्याला काही जोडले नाही, त्याच्यातले काढले. १९४८ च्या शरद ऋतूत लडाखकडे जाणारी झोजी ला खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि पायदळाचे हल्ले फसले होते. मेजर जनरल थिमय्या यांनी सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या त्या खिंडीत रणगाडे नेण्याचे ठरवले. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट हे हलके रणगाडे श्रीनगरमार्गे सुट्या केलेल्या अवस्थेत नेण्यात आले आणि कमकुवत पुलांवरून दोरांनी ओढून पार करण्यात आले, तर मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट जीप जाईल इतकी रुंद केली. १ नोव्हेंबरला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली ते खिंडीत अवतरले तेव्हा समोरच्यांना त्यांची कल्पनाही नव्हती. खिंड त्या दिवशी मोकळी झाली.

रणगाड्याचे दिवस संपले का?

काही शे डॉलरचा ड्रोन आणि लाखो डॉलरचा रणगाडा यांची तुलना नेहमी केली जाते. ती दिशाभूल करणारी नाही, पण अपुरी आहे. कारण ड्रोन जागा उद्ध्वस्त करू शकतो, ती ताब्यात घेऊन उभा राहू शकत नाही, आणि पायदळाला उघड्या मैदानातून पुढे जायचे तर सोबत चिलखत आणि तोफ लागतेच. रणगाडा पोकळ स्फोटकानेही संपला नव्हता. त्याच्यावर प्रतिस्फोटक विटा आल्या. या विटांतले स्फोटक धार लागताच उडून तिला कापते, आणि १९८२ मध्ये लेबनॉनच्या युद्धात इस्राएलने त्या पहिल्यांदा वापरल्या. ड्रोनला पक्के उत्तर अजून मिळायचे आहे. ते मिळेपर्यंतचा काळ पिंजऱ्याचा आहे.

अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जतन करून ठेवलेला आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, पूना हॉर्स रेजिमेंटचे, १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात होते. मारा लागून तो पेटला तरी तोफ चालू आहे म्हणून त्यांनी तो सोडला नाही, आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. या सेंच्युरियनच्या डोक्यावर जाळी, सळई, पत्रा असे काहीही नव्हते. त्या दिवशी बसंतरला धोका आकाशातून येत नव्हता; तो समोरच्या पाकिस्तानी ‘पॅटन’ रणगाड्यांच्या तोफांतून, अखेरीस तर शंभर मीटरच्या आतून येत होता.